लिनक्सवर ब्राउझरचा व्हिडिओ अडखळतो तेव्हा: फायरफॉक्स आणि क्रोमियम यांचे परीक्षण

तालुक्याच्या गावांतील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आज पुस्तकाइतकाच व्हिडिओ व्याख्यानांवर अवलंबून असतो. अमळनेर तालुक्यातील अशाच एका अभ्यासिकेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील सर्व लॅपटॉप रिफर्बिश्ड आहेत, म्हणजे मोठ्या कार्यालयांनी वापरून काढून टाकलेले आणि पुन्हा बाजारात आलेले. त्यांत इंटेलचे चौथ्या ते सातव्या पिढीचे प्रोसेसर आहेत, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड एकातही नाही, आणि सर्वांवर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती चालते. फायरफॉक्स आणि क्रोमियम हे दोन्ही ब्राउझर तेथे रोजच्या वापरात आहेत. प्रस्तुत परीक्षण त्यांच्या वेगाचे किंवा देखणेपणाचे नाही. हार्डवेअर ॲक्सिलरेशन (पान रंगवण्याचे व व्हिडिओ उलगडण्याचे काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडून करून घेणे) बंद पडले असता, ते का बंद पडले हे शोधण्यास कोणता ब्राउझर किती साहाय्य करतो, एवढ्याच कसोटीवर मी त्यांना पाहिले आहे. निष्कर्ष आधीच नोंदवतो: सर्व काही सुरळीत असताना दोघांत निवड करण्याजोगे फारसे काही नाही, परंतु अडचणीच्या वेळी फायरफॉक्स अधिक उपयोगी पडतो, कारण तो प्रत्येक सोयीसमोर ती चालू आहे की बंद, आणि बंद असल्यास तसे कोणी व कशासाठी ठरवले, हे वेगवेगळे लिहून ठेवतो.

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "सर, व्हिडिओ अटकी राह्यना" (व्हिडिओ अडकतो आहे). या एका वाक्यामागे निदान दोन वेगळे दोष असू शकतात आणि ते वेगळे न केल्यास पुढचा सगळा शोध भरकटतो. ब्राउझर ग्राफिक्स चिपकडून दोन प्रकारची कामे करून घेतो. पहिले काम पान रंगवण्याचे: मजकूर, चित्रे, स्क्रोल होणारे थर आणि वेबजीएलवर (पानातच ग्राफिक्स चिपने चित्र रेखाटण्याच्या पद्धतीवर) चालणारे नकाशे एकत्र करून ते पडद्यावर मांडणे. दुसरे काम व्हिडिओ उलगडण्याचे: दाबून लहान केलेल्या प्रवाहातून एकेक चौकट बाहेर काढणे. चिपमध्ये या दोन कामांचे विभाग वेगळे असतात, लिनक्समध्ये त्यांची ड्रायव्हर (चिपकडून काम करून घेणारे सॉफ्टवेअर) पॅकेजेसही वेगळी असतात, आणि म्हणून एक काम उत्तम चालू असताना दुसरे पूर्णपणे प्रोसेसरच्या अंगावर पडलेले असू शकते. गटनकाशा सहज सरकतो पण व्याख्यान अडखळते, असे विद्यार्थी सांगतो तेव्हा दोष बहुधा दुसऱ्या कामात असतो. पान वरखाली करतानाच धक्के बसत असतील, तर पहिल्यात.

खान्देशात या प्रश्नाला उन्हाळ्याची जोड आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अभ्यासिकेतील कूलर धुळीसकट हवा आत ओढतो आणि लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीवर त्या धुळीचा थर बसतो. व्हिडिओ उलगडण्याचे काम प्रोसेसरवर पडले की तो तापतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तापल्यावर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. मग सुरुवातीची काही मिनिटे नीट चाललेले व्याख्यान नंतर अडखळू लागते. व्हिडिओ सुरुवातीपासून अडखळतो की काही वेळाने, हा प्रश्न म्हणून मी प्रथम विचारतो. काही वेळाने अडखळत असेल तर ब्राउझर उघडण्यापूर्वी जाळी ब्लोअरने साफ करून घ्यावी आणि टर्मिनलमधील 'सेन्सर्स' या आज्ञेने तापमान पाहावे. वीज गेल्यावर बॅटरीवर काम चालते तेव्हाही हाच हिशोब लागू होतो: जे काम चिपमधील खास विभाग थोड्या विजेत करतो, ते प्रोसेसरने केले तर बॅटरी लवकर उतरते.

यातील सर्वांत बोधप्रद बिघाड बाजारातून नव्याने आलेल्या एका लॅपटॉपवर आढळला. विक्रेत्याने लिनक्स मिंट घालूनच तो दिला होता. सहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि पुरेशी मेमरी असूनही त्यावर साधे बातमीचे पान सरकवतानादेखील पंखा जोरात फिरू लागत असे. आणखी एक खूण होती: पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा चालत नव्हत्या. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:सपोर्ट' लिहून (अशी सर्व नावे आणि आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करावयाच्या) उघडणाऱ्या पानातील ग्राफिक्स विभागात 'कंपोझिटिंग' (पानाचे थर एकत्र मांडणे) या ओळीपुढे नुसते 'वेबरेंडर' (फायरफॉक्सचा पान रंगवणारा भाग) असे न येता 'वेबरेंडर (सॉफ्टवेअर)' असे येत होते, आणि ड्रायव्हरच्या ओळीत 'मेसा'च्या पुढे 'एलएलव्हीएमपाइप' हे नाव होते. ही ओळ वाचता आली की निम्मे काम झाले. मेसा हा लिनक्समधील मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच आहे. इंटेलच्या आठव्या व त्यापुढील ग्राफिक्स पिढ्यांसाठी, म्हणजे पाचव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे, त्यात 'आयरिस' हा ड्रायव्हर असतो, तर त्याआधीच्या चौथ्या पिढीच्या यंत्रांवर 'क्रोकस' दिसतो. एलएलव्हीएमपाइप हा चिपचा ड्रायव्हरच नव्हे. चिप हाती लागत नाही तेव्हा तिचे सगळे काम प्रोसेसरकडून करून घेणारी ती पर्यायी व्यवस्था आहे.

याचा अर्थ दोष ब्राउझरमध्ये नव्हता. टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' ही आज्ञा 'बी' पर्यायासह चालवली असता तेथेही एलएलव्हीएमपाइपच दिसले, म्हणजे संपूर्ण यंत्रणाच चिपविना चालत होती. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना त्याला दिलेल्या सूचना 'प्रॉक' फोल्डरमधील 'सीएमडीलाइन' या फाइलमध्ये वाचता येतात. तेथे 'नोमोडसेट' हा शब्द उभा होता. लिनक्स मिंट घालताना पडदा काळा पडल्यास 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडण्याची सोय असते आणि तो मार्ग हाच शब्द वापरतो. त्याच्या उपस्थितीत इंटेलचा 'आय९१५' हा कर्नलमधील ड्रायव्हर कामच सुरू करत नाही, त्यामुळे उजेडाच्या कळाही निकामी होतात. इन्स्टॉल करून झाल्यावर तो शब्द ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या, मांडणीतून काढायचा राहून गेला होता. 'ईटीसी' फोल्डरातील 'डिफॉल्ट'मध्ये असलेल्या 'ग्रब' या फाइलमधून तो काढून 'अपडेट-ग्रब' चालवले आणि यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा कंपोझिटिंगची ओळ बदलली आणि उजेडही कमी-जास्त होऊ लागला. ब्राउझरमधील एकाही सेटिंगला हात लावावा लागला नाही. अशा यंत्रावर ब्राउझर काढून पुन्हा घालण्यात किंवा दुसरा ब्राउझर आणण्यात कितीही वेळ घातला तरी उपयोग झाला नसता. फायरफॉक्सच्या त्या एका ओळीने शोध योग्य थराकडे वळवला, हे या परीक्षणात मी त्याच्या बाजूने सर्वांत आधी मांडतो.

त्याच पानावर थोडे खाली 'डिसिजन लॉग' असतो. हार्डवेअर कंपोझिटिंग, वेबरेंडर, व्हिडिओचे हार्डवेअर उलगडणे अशा प्रत्येक सोयीपुढे तेथे निर्णयांची उतरंड दिसते: मूळ स्थिती काय होती, वापरकर्त्याने काही बंद केले का, आणि ड्रायव्हर फायरफॉक्सच्या ब्लॉकलिस्टमध्ये (सदोष ड्रायव्हरांच्या यादीत) असल्याने ती नाकारली गेली का. वापरकर्त्याने स्वतः बंद केलेली सोय आणि ब्लॉकलिस्टने बंद केलेली सोय यांतील फरक येथे स्पष्ट होतो, आणि अभ्यासिकेसारख्या ठिकाणी, जेथे एकाच यंत्रावर अनेकजण बसतात व कोणीतरी कोठेतरी वाचून एखादी खूण काढून टाकतो, तेथे हा फरक फार मोलाचा आहे. सेटिंग्जमधील कार्यक्षमतेच्या भागात शिफारस केलेल्या मांडणीची खूण काढली की हार्डवेअर ॲक्सिलरेशनची वेगळी खूण दिसू लागते. बिघाडाचे मूळ कित्येकदा तेवढेच असते. फायरफॉक्सचा ट्रबलशूटिंग मोडदेखील एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली साधने) आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन दोन्ही बंद ठेवूनच सुरू होतो. त्यामुळे त्या मोडमध्ये दोष नाहीसा झाला तर तो एखाद्या एक्स्टेन्शनचा असेल किंवा ग्राफिक्सचा. दोहोंपैकी कोणता हे स्वतंत्रपणे तपासूनच ठरवावे लागते.

आता व्हिडिओ उलगडण्याच्या कामाकडे वळतो, कारण जुन्या यंत्रांवर खरी कसरत तेथे आहे. लिनक्समध्ये हे काम व्हीए-एपीआय या मार्गाने चिपपर्यंत पोहोचते. इंटेलसाठी त्याचे दोन ड्रायव्हर आहेत: पाचव्या पिढीपासून पुढे चालणारा 'आयएचडी' आणि त्याआधीच्या यंत्रांना आवश्यक असलेला जुना 'आय९६५'. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर केवळ नवा ड्रायव्हर असेल तर 'व्हीएइन्फो' ही आज्ञा त्रुटी दाखवून थांबते. जुन्याचे पॅकेज घातले की तीच आज्ञा चिपला उलगडता येणाऱ्या स्वरूपांची (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतींची) यादी देते. ती यादी काळजीपूर्वक वाचावी, कारण पुष्कळ गैरसमजांचे उत्तर तिच्यात असते. चौथ्या पिढीची चिप एच.२६४ उलगडते, पण व्हीपी९ नाही. सहाव्या पिढीत एचईव्हीसीची भर पडली, तरी व्हीपी९ पूर्णपणे चिपमध्ये उलगडण्याची सोय सातव्या पिढीत आली, आणि एव्ही१ उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अकराव्या पिढीपासून आहे. यूट्यूब मात्र ब्राउझरला शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ देते. म्हणजे ड्रायव्हर योग्य, ब्राउझर योग्य, सर्व खुणा योग्य, आणि तरीही व्याख्यान प्रोसेसरवरच उलगडले जात आहे, ही स्थिती सहाव्या पिढीपर्यंतच्या यंत्रांवर अगदी स्वाभाविक आहे. तिला बिघाड म्हणणे योग्य नाही.

फायरफॉक्सच्या सपोर्ट पानातील मीडिया विभागात प्रत्येक स्वरूपासमोर सॉफ्टवेअर उलगडणे आणि हार्डवेअर उलगडणे असे दोन स्तंभ असलेला तक्ता मिळतो. हा तक्ता आणि व्हीएइन्फोची यादी शेजारी ठेवून पाहिली की काही क्षणांत कळते: यादीत आहे पण तक्त्यात नाही, तर दोष ब्राउझरपर्यंतच्या वाटेत; दोन्हींत नाही, तर चिपच्या मर्यादेत. मर्यादा असेल तेथे उपाय वेगळा. यूट्यूबकडून एच.२६४ मागणारे एक्स्टेन्शन घातले की चौथ्या पिढीचा लॅपटॉपही १०८० ओळींपर्यंतचे व्याख्यान चिपवर उलगडू शकतो. फळ्यावरचे अक्षर वाचण्यास तेवढे पुरते. मात्र एच.२६४ साठी फायरफॉक्स लिनक्समधील एफएफएमपेग या संचाच्या ग्रंथालयांचा आधार घेतो, म्हणून मिंट घालताना मल्टिमीडिया कोडेकची खूण केलेली नसेल तर ती पॅकेजेस नंतर घालावी लागतात.

खात्री करण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन ब्राउझरच्या बाहेर आहे. इंटेलच्या साधनसंचातील 'इंटेल जीपीयू टॉप' हा छोटा कार्यक्रम टर्मिनलमध्ये चालवला की चिपच्या विभागांच्या आडव्या पट्ट्या दिसतात: 'रेंडर', 'ब्लिटर', 'व्हिडिओ' आणि बहुतेक यंत्रांवर 'व्हिडिओ एन्हान्स'. शेजारच्या खिडकीत व्याख्यान सुरू करावे. काम प्रोसेसरवर पडले असेल तर फक्त रेंडरची पट्टी थोडी हलते आणि व्हिडिओची पट्टी शून्यावर स्थिर राहते. एक्स्टेन्शन घालून तेच व्याख्यान पुन्हा सुरू केले की व्हिडिओची पट्टी शून्यावरून उठते, प्रोसेसरचा भार उतरतो आणि थोड्या वेळात पंख्याचा आवाजही खाली येतो. विद्यार्थ्यांना मी हे शेजारी बसवून दाखवतो, कारण ती पट्टी हलताना एकदा पाहिलेला मुलगा पुढच्या वेळी आपण होऊन ती तपासतो.

आवृत्तीचे भान ठेवणे येथे आवश्यक आहे. लिनक्सवर इंटेल चिपसाठी व्हिडिओचे हार्डवेअर उलगडणे फायरफॉक्सने २०२३ च्या जुलैमधील ११५ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू केले, आणि एएमडीच्या चिपसाठी ते २०२५ च्या मार्चमधील १३६ व्या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या काळात लिहिले गेलेले सल्ले आजही फिरत आहेत आणि त्यांत 'अबाउट:कॉन्फिग' या फायरफॉक्सच्या अंतर्गत सेटिंग्जच्या पानामधील अनेक नोंदी बळजबरीने चालू करण्यास सांगितलेले असते. काही ठिकाणी तर व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रक्रियेभोवतीचे सुरक्षा कुंपण काढून टाकण्याची सूचनाही आढळते. आजच्या फायरफॉक्सवर ते कुंपण काढण्याची गरज नाही आणि सार्वजनिक वापराच्या संगणकावर तर ते कधीही काढू नये. जुन्या नोंदी बदलल्या गेल्या असतील तर सपोर्ट पानावर बदललेल्या महत्त्वाच्या नोंदींची यादीही मिळते. त्या मूळ स्थितीला नेऊन मग तपासणी सुरू करावी.

क्रोमियमविषयी लिहिताना त्याची उजवी बाजू आधी सांगतो. 'क्रोम://जीपीयू' या पानाच्या आरंभीच कॅनव्हास, कंपोझिटिंग, रास्टरायझेशन, व्हिडिओ डीकोड, वेबजीएल अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे काम हार्डवेअरवर होते की केवळ सॉफ्टवेअरवर, हे लिहिलेले असते. ओझरत्या पाहणीसाठी हे पान फायरफॉक्सच्या पानापेक्षा सोपे आहे. 'क्रोम://मीडिया-इंटर्नल्स' हे पान तर चालू असलेल्या व्हिडिओसाठी नेमका कोणता डीकोडर (उलगडणारा कार्यक्रम) वापरला जात आहे त्याचे नाव देते, आणि नावात 'व्हीएएपीआय' असेल तर काम चिपवर चालले आहे हे निश्चित होते. अडचण पुढे सुरू होते. सापडलेल्या समस्यांचा विभाग आहे, पण त्यात ड्रायव्हरांच्या लहानमोठ्या दोषांवर योजलेल्या उपायांची लांब जंत्री असते. त्यांतील कोणत्या ओळीमुळे आपली सोय बंद झाली, हे नवख्यास उमगत नाही. शिवाय लिनक्सवरील व्हीए-एपीआयला क्रोमियम प्रकल्पाचे अधिकृत पाठबळ नाही. प्रकल्पाच्या कागदपत्रांत हे स्पष्टपणे म्हटले आहे: ब्राउझर सुरू करताना काही खुणा (पर्याय) देऊन ते चालू करता येते, चालेल याची हमी नाही. या खुणांची नावेही आवृत्तीगणिक बदलत आली आहेत, त्यामुळे वर्षापूर्वी चाललेली आज्ञा अद्यतनानंतर काहीही न सांगता निष्प्रभ होते. एखाद्या हौशी वापरकर्त्यास हे चालेल. जेथे एक माणूस अनेक यंत्रे सांभाळतो तेथे ही अस्थिरता परवडत नाही.

क्रोमियमच्या बाबतीत आणखी एक दोष कधी कधी दिसतो. मेसाचे अद्यतन झाल्यावर अक्षरे फाटलेली, चौकोन काळे किंवा पान रंगीबेरंगी रेघांनी भरलेले दिसते. येथे ड्रायव्हर बिघडलेला नसतो. आधीच्या ड्रायव्हरसाठी साठवून ठेवलेला शेडरांचा (चिपवर चालणाऱ्या रंगवण्याच्या छोट्या कार्यक्रमांचा) साठा नव्या ड्रायव्हरशी जुळत नसतो. ब्राउझर पूर्ण बंद करून त्याच्या प्रोफाइलमधील 'जीपीयूकॅश' हे फोल्डर काढून टाकावे. ते पुन्हा आपोआप तयार होते आणि बुकमार्क किंवा पासवर्ड यांना धक्का लागत नाही.

'हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून टाका' हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि दुरुस्तीच्या दुकानांतही तोच पहिला दिला जातो. मला तो अमान्य आहे, कारण त्याने फाटलेले पान नीट दिसू लागते, पण सगळा भार प्रोसेसरवर जातो आणि मे महिन्यात तो भार कशात बदलतो हे वर आलेच आहे. तो योग्य ठरतो तो एका परिस्थितीत: संपूर्ण पडदाच गोठत असेल आणि कर्नलच्या नोंदींत 'जीपीयू हँग' अशी ओळ आढळत असेल, तेव्हा. मग मूळ दोष ड्रायव्हरमध्ये किंवा चिपमध्ये असतो, आणि कर्नल व मेसा यांचे अद्यतन होईपर्यंत ॲक्सिलरेशन बंद ठेवणे शहाणपणाचे असते. बंद केल्याची नोंद त्या यंत्रावर चिकटवून ठेवावी, एवढीच विनंती. अन्यथा दोष दूर झाल्यावरही ती खूण तशीच राहते.

पॅकेजच्या प्रकाराचाही परिणाम होतो. उबंटूमध्ये २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो, आणि स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या स्वतःचे सर्व भाग सोबत आणणाऱ्या पॅकेजांमधील ब्राउझर यंत्रणेतील ड्रायव्हर थेट न वापरता आपल्यासोबतचे वापरतो. त्यामुळे बाहेर व्हीएइन्फो निर्दोष असूनही आत काहीच उलगडत नाही असे घडू शकते. लिनक्स मिंट फायरफॉक्स आणि क्रोमियम ही दोन्ही साध्या पॅकेजच्या रूपात देते, आणि जुन्या यंत्रांवर तपासणी सोपी राहावी म्हणून मी मिंटला पसंती देण्याचे हेही एक कारण आहे. एनव्हिडियाची चिप असलेल्या यंत्रांचा मार्ग निराळा आहे. आमच्याकडे ती नसल्याने त्यांवर अभिप्राय देत नाही.

फायरफॉक्सच्या सपोर्ट पानाविषयी माझी एक तक्रार आहे. ब्राउझर मराठीत उपलब्ध आहे, परंतु डिसिजन लॉगमधील कारणे इंग्रजीत आणि तीही संकेतशब्दांच्या भाषेत असतात, त्यामुळे ज्याला ती सर्वांत जास्त हवीत त्या विद्यार्थ्याला कोणीतरी समजावून द्यावी लागतात. यावर तात्पुरता मार्ग त्याच पानाच्या माथ्यावर आहे: संपूर्ण मजकूर कॉपी करण्याचे बटण. धरणगाव किंवा पारोळ्याहून कोणी दूरध्वनीवर 'व्हिडिओ अडकतो' म्हणतो, तेव्हा मी त्याला ते बटण दाबून मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवण्यास सांगतो. कंपोझिटिंग, ड्रायव्हर आणि स्वरूपांचा तक्ता या तीन ठिकाणी नजर टाकली की बहुतेक वेळा यंत्र प्रत्यक्ष न पाहता दोषाचा थर सांगता येतो. त्या मजकुरात घातलेल्या एक्स्टेन्शनांची यादी आणि बदललेल्या काही नोंदीही जातात, म्हणून पाठवण्यापूर्वी तो एकदा वाचून घ्यावा आणि ग्राफिक्स व मीडिया हे दोन विभाग सोडून बाकीचा भाग खुशाल गाळावा.